चौदा नंबरची मादी

ब्रेक्के फार्म, विस्कॉन्सिन
१९ फेब्रुवारी १९७८

सॉल्व्हेगबाई,

वर 'प्रिय' लिहिलं नाही, कारण ते खोटं झालं असतं. मी मर्ना, ऑरिनची दुसरी बायको. गेल्या जूनमध्ये ऑरिनशी माझं लग्न झालं, म्हणजे तुमच्या घरात आता मी राहते. माझ्या घरात, असं लिहायला हवं होतं. पण इथली माणसं अजून 'सॉल्व्हेगचं घर' म्हणतात, आणि ऐकून ऐकून माझ्याही हातून तसंच लिहिलं जातं.

काम एवढंच आहे. गोठ्यामागे तुमचे सोळा पिंजरे आहेत, पण पिल्लांसाठी मादीला देतात ती लाकडी पेटी एकही सापडत नाही. त्या कुठे ठेवल्या होत्यात? ऑरिनला विचारलं तर म्हणतो, "असतील कुठेतरी." तुमच्याबद्दलच्या कुठल्याही प्रश्नाला त्याचं हेच उत्तर असतं.

मला ससे पाळायची हौस नव्हती. मी नदीपलीकडची, आयोवातली. अकरा वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं जेवण रांधलंय, त्यामुळे चर्चच्या जेवणाला मी भीत नाही. पण परवाच्या जेवणाला मी केलेले खिम्याचे गोळे अर्लिस थोर्सननं टेबलाच्या पार कडेला सरकवले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सॉल्व्हेग असती तर आज ससा असता बाई. तो सायीचा रस्सा! मर्ना, तुला येतो का गं ससा?"

मी म्हटलं, "येतो म्हणजे? पाळतेच आहे मी."

तेव्हा माझ्याकडे सशाचा केसही नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ससे पाळणाऱ्या पामर नेसेटकडे जाऊन तीन माद्या आणि एक नर घेऊन आले. एक खोटं खरं करायला चार जनावरं लागली.

आणखी एक विचारते. नराला मादीच्या पिंजऱ्यात सोडलं, तर अर्ध्या मिनिटात तिनं त्याच्या पाठीचे केस उपटले आणि नाक फाडलं. तो बिचारा कोपऱ्यात तोंड घालून बसला. नर नेभळट निघाला, की माझंच काही चुकलं?

हे पत्र ऑरिनला विचारूनच लिहिते आहे.

मर्ना ब्रेक्के


१२ मार्च १९७८

सॉल्व्हेगबाई,

कार्ड मिळालं. चारच ओळी आहेत, पण पुरेशा आहेत. 'मादीला नराकडे न्यावं, नराला मादीकडे नेऊ नये. तिचं घर ते तिचं घर. दुसऱ्याला ती आत घेत नाही.' हे मी सात-आठ वेळा वाचलं. सशांबद्दलच लिहिलंय ना?

पेट्या मक्याच्या कोठारात माळ्यावर सापडल्या. नऊ आहेत. कडांना पत्रा ठोकलेला आहे, कुरतडू नये म्हणून. नीटनेटकं काम आहे, नाव ठेवायला जागा नाही. मी शोधली.

पण उशीर झाला. पामरकडच्या तिघींपैकी एक आणली तेव्हाच गाभण होती, आणि दोन मार्चला ती पिंजऱ्याच्या तळाच्या जाळीवरच व्याली. मी पाणी घेऊन गेले तर बोटाएवढी सहा पिल्लं जाळीखाली पडली होती, गोठून कडक झालेली. भांड्यातलं पाणीही गोठलेलं. मादी त्यांच्याकडे न बघता गवत खात होती. मी ती उचलून वर्तमानपत्रात गुंडाळली, शेणाच्या ढिगात पुरली आणि ऑरिनला सांगितलं की ती गाभण नव्हतीच.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही, ऑरिनला या पत्रांबद्दल ठाऊक नाही. पोस्टाच्या पेटीपर्यंत मीच जाते. तो तुमचं अक्षर ओळखेल. न ओळखून कसं चालेल? ते घरभर आहे. पाककृतींच्या डब्यात आहे, विजेच्या पेटीवर आहे, गुरांच्या औषधाच्या बाटल्यांवर आहे. पिठाच्या डब्यावरची तुमची चिठ्ठी मी खरवडून काढली आणि माझ्या हातानं 'पीठ' लिहून चिकटवली. ऑरिनच्या लक्षात आलं नाही. आलं असतं तर मला राग आला असता, आणि नाही आलं म्हणूनही आलाच.

आता विचारायचं ते विचारते. मादी फळली की नाही हे पोटाला हात लावून कसं कळतं? पामर दाखवतो म्हणाला, पण पामरच्या हाताला घाई फार.

मर्ना


३० एप्रिल १९७८

सॉल्व्हेगबाई,

आठ!

तुम्ही लिहिलंत तसं चौदाव्या दिवशी बोटांनी चाचपलं. द्राक्षं ठेवावीत तशा गोळ्या लागल्या. दोघींच्या पोटात लागल्या. अठ्ठाविसाव्या दिवशी पेट्या आत ठेवल्या, तळाला भुसा आणि वर पेंढा. थोरलीनं तोंडात पेंढा धरून अख्खा दिवस येरझाऱ्या घातल्या, मग छातीचे केस उपटून उपटून पेटीत असा काही ढीग केला की पिल्लं दिसेनात, नुसता ढीग हलताना दिसे. गुरुवारी व्याली, आठ. धाकटी काल व्याली, पाच.

पहिल्या दिवशी मी घाबरले होते. मादी पेटीकडे फिरकतच नव्हती, दिवसभर बाहेर पाय पसरून बसलेली. मग तुमचं वाक्य आठवलं, की ती पहाटे एकदाच पाजते आणि तेवढं पुरतं, पोटं बघावीत. पोटं बघितली. टम्म.

आणखी एक सांगायचं आहे. ऑरिननं उत्तरेच्या बाजूनं पिंजऱ्यांना फळ्या ठोकून दिल्या, वारा अडवायला. मी एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

तुम्ही विचारलंत की पामरकडून आणलेल्यांत कानात 'एस. बी. १४' गोंदलेली कोणी आहे का. नाही. दिव्याखाली धरून पाहिलं. कुणाच्याच कानात काही नाही.

मर्ना


८ मे १९७८, सोमवार
तातडीचं

सॉल्व्हेगबाई,

थोरली मादी गेली. गारठ्यानं गेली असावी. आठ पिल्लं पोरकी झालीत, अकरा दिवसांची आहेत, डोळे आत्ता कुठे उघडताहेत. शेळीचं दूध ड्रॉपरनं पाजतेय पण नाकातून परत येतं. धाकटीजवळ ठेवली तर ती मारेल का? पामरला विचारता येत नाही. ऑरिनलाही नाही. का ते विचारू नका. लगेच लिहा.

म.


१४ मे १९७८

सॉल्व्हेगबाई,

तुम्ही फोन कराल असं मला वाटलं नव्हतं. आमचा नंबर तुम्हाला कुठून मिळाला, असा वेड्यासारखा विचार मी करत होते. तो तुमचाच नंबर होता.

बुधवारी ऑरिन दुपारी जेवायला आला होता आणि माझे हात पिठात होते, म्हणून त्यानं उचलला. "कोण?" म्हणाला, आणि मग अगदी हळू, "सॉल्व्हेग?" चुलीवरच्या घड्याळात बारा वाजून सात मिनिटं झाली होती. फोन ठेवला तेव्हा अठरा. मी पीठ मळतच राहिले, पाव दगड होईपर्यंत. लग्नाला अकरा महिने झाले, पण माझ्याशी तो फोनवर दोन मिनिटांच्या वर कधी बोललेला नाही. मध्ये एकदा तो हसला. कशाला हसला ते तुम्हाला आठवत असेल तर कळवा. नको, कळवू नका.

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. "मर्ना, पिल्लं कुठायत?"

कोठीच्या खोलीत पिठाच्या पोत्यामागे, त्याच्याच बुटांच्या खोक्यात होती, गरम पाण्याच्या बाटलीला चिकटून. सहा जिवंत होती. त्यानं खोकं उचललं आणि म्हणाला, "व्हॅनिलाची बाटली घे." धाकटीला बाहेर काढून तो मांडीवर घेऊन बसला, मी आमच्या पिल्लांच्या कानांना शाईचा ठिपका लावून ती तिच्या पिल्लांत मिसळली, सगळ्यांवर तिचेच केस पसरले आणि तासभर थांबलो.  मग परका वास कळू नये म्हणून त्यानं तिच्या नाकाला व्हॅनिला चोळलं आणि तिला सोडलं. ती पेटीच्या कडेवर पुढचे पाय ठेवून हुंगत राहिली. मग आत उतरली, आणि सगळी एकदम तिच्या पोटाखाली घुसली. आपली कोण, परकी कोण, तिला कळलं नाही. की कळूनही तिनं चालवून घेतलं, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी एक गेलं. पाच आहेत.

आता ती कशानं गेली ते लिहिते. तुम्ही फोनवर ऑरिनला विचारलंत म्हणे, "गारठा? मे महिन्यात?" तुम्हाला फसवणं सोपं नाही.

तिच्या कानात 'एस. बी. १४' होतं. मी पहिल्या दिवसापासून बघत होते, पामरची काहीतरी खूण असेल असं समजत होते. तुमचं पत्र आल्यावर कळलं, एस. बी. म्हणजे सॉल्व्हेग ब्रेक्के. म्हणजे मी तुमच्यावर मात करायला तुमचीच मादी घेऊन आले होते! आठ पिल्लं माझ्या हातगुणानं झाली असं मी चर्चमध्ये सांगून आले होते. ती आठ तुमची निघाली.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण सहा तारखेला दुपारी पाणी घेऊन पिंजऱ्यांकडे गेले तर ऑरिन तिथे आधीच होता. पाठ माझ्याकडे. जाळीतून बोट घालून तिचं कपाळ खाजवत होता आणि बोलत होता, "काय गं टिल्डे? काय गं म्हातारे? झालीस ना परत आई? शहाणी माझी." मला तो म्हणतो, "मर्ना, मीठ." तो आवाज त्याच्याजवळ आहे हे मला ठाऊकच नव्हतं. आणि तिचं नाव टिल्डा आहे हेही. त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

रविवारी डोकं दुखतंय म्हणून मी चर्चला गेले नाही. तो गेल्यावर पामरनं शिकवलं होतं तसं, मानेवर काठी ठेवून केलं. मधे एकदाही थांबले नाही. नंतर मला त्याचीच भीती वाटली. तुमच्या डब्यातलं कार्ड काढलं आणि तीन तास मंद आचेवर शिजवली, साय घालून. पामरनं एक नर कापून दिला असं ऑरिनला सांगितलं. तो दोनदा वाढून घेऊन जेवला. "चांगलं झालंय," म्हणाला. सॉल्व्हेगसारखं झालंय म्हणाला नाही, आणि तिच्यापेक्षा बरं झालंय असंही म्हणाला नाही. मी दोहोंपैकी एकाची दुपारभर वाट पाहिली. तो वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपला.

पिल्लांना मी विसरले होते असं लिहिलं तर तुम्ही मला जरा कमी वाईट समजाल. विसरले नव्हते. काठी उचलण्याआधी ती माझ्या डोक्यात होती, आणि मी मनाशी म्हटलं होतं, तिचीच तर आहेत. सवतीची. संध्याकाळी पेटीत डोकावले तर सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. कुणीतरी आलं म्हणून.

बुधवारी पिल्लांचं झाल्यावर मी ऑरिनला सगळं सांगितलं. पत्रांचं, कानाचं, जेवणाचं. तो उठून धारा काढायला गेला आणि शनिवारपर्यंत बोलला नाही. शनिवारी बोलला.

"म्हातारी होती," म्हणाला. "या उन्हाळ्यानंतर मीच कापली असती. पण पिल्लं डोळे उघडत होती, मर्ना."

मी म्हटलं, "तू तिच्याशी कसा बोलत होतास ते मी ऐकलं."

"सशाशी बोलत होतो."

"कुणाच्या सशाशी?"

त्यानं खुर्ची ओढली आणि बसला. मग म्हणाला, "सॉल्व्हेग आपले ससे न्यायला परत आली होती, ठाऊक आहे तुला? बहिणीचं दुखणं काढायला म्हणून डुलुथला गेली, मग कळवलं की येणार नाही. आठवड्यानं ट्रक घेऊन आली, सगळे ससे न्यायला. तोवर मी एकूण एक पामरला देऊन टाकले होते. फुकट. रागानं. पिंजरे बघून ती फाटकातूनच परत गेली. तू टिल्डाला घरी आणलीस तेव्हा मला वाटलं, चला, एक तरी परत आली. एवढंच होतं ते."

सॉल्व्हेग, हे तू मला का नाही सांगितलंस? पत्रं पाठवलीस, पेट्या कुठे आहेत ते सांगितलंस, पोटं कशी चाचपायची ते सांगितलंस, आणि माझ्याकडे तुझंच काहीतरी आहे का, एवढं एकदाच विचारलंस. मी नाही म्हटलं, तर गप्प बसलीस.

तो इतका कोत्या मनाचा होऊ शकतो हे ऐकून मला तुमचा कळवळा यायला हवा होता. आला, पण नंतर. आधी मनात आलं की मी सोडून गेले तर हा माणूस इतका चिडेल का? सोळा पिंजरे रिकामे करण्याइतका? रागाचाही हेवा वाटतो हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

मर्ना


२ जुलै १९७८

सॉल्व्हेगबाई,

तुमचं लांबलचक पत्र मिळालं. तुम्ही मला शिव्या द्याल म्हणून मी ते दोन दिवस फोडलंच नव्हतं. शिव्या एकाच ओळीत उरकल्यात, ते बरं केलंत. ती ओळ मला पटली.

तुम्ही लिहिता, त्या सोळा पिंजऱ्यांत ऑरिननं एकही खिळा ठोकलेला नाही, सगळे तुम्ही एकटीनं उभे केले, आणि मी फळ्यांचं लिहिलं ते वाचून तुम्ही पत्र चुरगळून टाकलंत. मग परत सरळ करून वाचलंत. ही दोन वाक्यं मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. मग बाहेर जाऊन त्या फळ्यांवर हात फिरवून आले.

पण तुम्ही टिल्डाची एक पोर मागता आहात. बहिणीच्या परसात चार पिंजरे बांधलेत म्हणता. पाचांत माद्या तीन आहेत, आणि हक्कानं बघितलं तर पाचही तुमचीच.

नाही. देणार नाही. आई मी मारली, पण जगवलीही मीच. ऑरिनला विचारलं तर तो म्हणाला, "तुझे ससे, तू ठरव." ठरवलं.

मर्ना


१७ सप्टेंबर १९७८

सॉल्व्हेगबाई,

काल तालुक्याच्या जत्रेत टिल्डाच्या तीन पोरींपैकी थोरलीला पहिलं बक्षीस मिळालं. निळी फीत. हे तुम्हाला कळवायला मी उतावीळ झाले होते, आणि आता लिहायला बसले तर हात चालत नाही.

परीक्षक लांबचा होता, म्हातारा, जाड चष्म्याचा. त्यानं तिला टेबलावर बसवलं, पाठीवरून तळवा फिरवला, मांड्या दाबून पाहिल्या, केस उलटे फुंकले. मग कागदावरचं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा खुलला. "मिसेस ब्रेक्के! अहो, किती वर्षांनी! मधे कुठे गायब झाला होतात? वंश मात्र राखलात हं. हे कमरेचं भरलेपण बघितल्याबरोबर ओळखलं मी." त्या माणसाला चेहरे लक्षात राहत नाहीत, सशांच्या कमरा राहतात.

अर्लिस थोर्सन दोन हातांवर उभी होती. पामरही होता. सगळे माझ्याकडे बघत होते. मला एवढंच म्हणायचं होतं की मी ती नव्हे, मी दुसरी.

मी म्हटलं, "घरची जरा अडचण होती."

आणि फीत घेतली. तो माझा हात हातात घेऊन हलवत राहिला, मीही हलवत राहिले. सव्वा वर्ष मला जे नाव टोचत होतं ते त्या दोन मिनिटांत माझ्या अंगावर होतं, आणि खरं सांगते, ते मला बसलं. छान बसलं. मग वळले तर ऑरिन मागेच उभा. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो पिंजरा उचलून ट्रककडे चालू लागला. अर्लिस म्हणाली, "काय गं मर्ना, सॉल्व्हेग कधीपासून झालीस?" मी तिला म्हटलं, "तू तो सायीचा रस्सा मागितलास ना, तेव्हापासून." ती गप्प बसली. आयुष्यात पहिल्यांदाच बसली असावी.

घरी येताना ट्रकमध्ये ऑरिन म्हणाला, "त्याला सांगायला हवं होतंस."

"हो," मी म्हटलं. "ही कमर माझी नाही हेही सांगायला हवं होतं."

तो खो खो हसला. ट्रक रस्त्याच्या कडेला जाईपर्यंत हसला. मग आम्ही दोघंही हसलो, आणि मग मी रडले. त्यानं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि मला रडू दिलं. "मर्ने," म्हणाला. एवढंच. पण नावाला असं शेपूट त्यानं पूर्वी कधी लावलं नव्हतं.

तर आता कामाचं. तुम्हाला मादी देते आहे. जुलैत नाही म्हटलं ते मागे घेते. पण बक्षिसाची नाही. ती मी ठेवणार, आणि ती देत नाही याचं मला वाईटही वाटत नाही. दुसऱ्या नंबरची देते. कमर तशीच आहे, डावा कान जरा पडका आहे, पण स्वभावानं तिघींत शांत. सोबत धाकट्या मादीच्या पिल्लांतला एक नर, म्हणजे तुम्हाला नरासाठी कुणाच्या दारात जायला नको. परीक्षकाला मी आज सकाळी चिठ्ठी टाकली आहे, कोण कोणाचं ते लिहून. फीत परत मागितली तर देईन. मागू नये अशी इच्छा आहे.

येत्या शनिवारी दुपारपर्यंत घेऊन येते. ऑरिन म्हणाला, "लांबचा पल्ला आहे, ट्रक मी चालवतो." मी म्हटलं, "धारा कोण काढणार?" एका दिवसासाठी धारा पामरनं काढल्या असत्या. ते त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. तो म्हणाला, "बरं." मी एकटीच येईन.

पिंजऱ्यात पाणी आणि सुकं गवत तयार ठेवा. प्रवासानंतर पहिला दिवस दाणा देऊ नका, पोट फुगतं. हे मी तुम्हाला शिकवते आहे! तुम्हीच एप्रिलच्या पत्रात लिहिलं होतंत.

दिसायला तुम्ही कशा आहात ते मी आजवर कुणालाही विचारलं नाही. चर्चच्या फोटोंचं पुस्तक माझ्यासमोर तीनदा आलं, आणि तिन्ही वेळा मी पान उलटायच्या आत उठून गेले. आता शनिवारी बघेनच. जरा सुटलेल्या असलात तर मला फार बरं वाटेल.

मर्ना